कात्री आणि भट्टी

'ग्रीड' या १९२४ सालच्या अमेरिकी मूकपटाचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, एरिक फॉन स्ट्रोहाइमने नऊ तासांची अजोड कलाकृती घडवली आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर स्टुडिओच्या धंदेवाइकांनी तिचा खून केला. दुसरी बाजू म्हणते, नऊ तासांचा चित्रपट बघणार कोण? हट्टी दिग्दर्शकाला कुणीतरी आवरायलाच हवं होतं, ते स्टुडिओचा निर्मितीप्रमुख आयर्विंग थॉलबर्गने केलं, म्हणून निदान दहा रिळं तरी लोकांसमोर आली. अलीकडे यात तिसरा सूर मिसळला आहे: पटकथा शाबूत आहे, शेकडो स्थिरचित्रं आहेत, मग हरवलेले तास कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतले की झालं. तिन्ही बाजू लांबीवरच भांडतात, आणि माझ्या मते लांबीचा प्रश्न इथे दुय्यम आहे. चित्रपट कापण्याचा हक्क स्टुडिओला होता. तेव्हाचा बाजार पाहता कापण्यावाचून फारसा इलाजही नव्हता. कापलेलं फुटेज नष्ट करायला मात्र कसलंच सबळ कारण नव्हतं, अगदी धंद्याच्या हिशेबानेही नव्हतं. कात्री चालवणं आणि भट्टी पेटवणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांचा न्यायही वेगळाच करायला हवा. तो एकत्र केल्यामुळे शंभर वर्षं हा वाद जागचा हललेला नाही.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरायला हवा, कारण निम्मा गैरसमज त्यातून येतो. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. मूकपटांचा वेग ठरलेला नव्हता. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरायचा आणि चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवणारा आपल्या सोयीने वेग कमीजास्त करायचा. सेकंदाला २० चौकटी धरल्या तर मिनिटाला ७५ फूट फिल्म सरकते, म्हणजे हजार फुटांचं एक रीळ तेरा मिनिटांपेक्षा थोडं जास्त चालतं. २४ चौकटी धरल्या तर तेच रीळ अकरा मिनिटांत संपतं. स्ट्रोहाइमने एकूण ४,४६,१०३ फूट फिल्म वापरली. ती एका हिशेबाने ८३ तासांची भरते, दुसऱ्या हिशेबाने ९९ तासांची. म्हणून 'आठ तास', 'नऊ तास', 'दहा तास' या आकड्यांवर हमरीतुमरी करण्यात हशील नाही. हिशेब करायचा तर रिळांत करावा. जानेवारी १९२४ मध्ये निवडक पाहुण्यांना दाखवलेलं संकलन सुमारे ४२ रिळांचं होतं. मार्चपर्यंत स्ट्रोहाइमने स्वतःच ते २४ वर आणलं. त्यापुढे त्याचं मन धजेना, तेव्हा त्याने ती रिळं न्यूयॉर्कला आपला दिग्दर्शक मित्र रेक्स इंग्रॅम याच्याकडे पाठवली. इंग्रॅम आणि संकलक ग्रँट व्हायटॉक यांनी ती १८ पर्यंत उतरवली. स्टुडिओने मग जून मॅथिसच्या कथा विभागाकडे काम सोपवलं, प्रत्यक्ष कात्री पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या लिहिणाऱ्या जोसेफ फार्नमच्या हाती आली, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या कॉस्मोपॉलिटन थिएटरमध्ये जो चित्रपट लागला तो १० रिळांचा, १०,०६७ फुटांचा होता.

या क्रमातून पहिली गोष्ट कळते ती ही, की 'नऊ तासांची कलाकृती' नावाची वस्तू प्रदर्शनासाठी कधी नव्हतीच. ४२ रिळं हे कच्चं संकलन होतं. चित्रित झालेलं जवळपास सगळं क्रमाने जोडून बघायची ही पायरी प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला येते. त्या ४२ रिळांशी तुलना केली तर चित्रित आणि वापरलेल्या फिल्मचं प्रमाण दहाला एकच्या आसपास भरतं, आणि त्यात उधळपट्टी म्हणण्यासारखं काही नाही. दिग्दर्शकाला मान्य असलेला चित्रपट २४ रिळांचा होता, सव्वापाच तासांचा, दोन संध्याकाळी दाखवायच्या बेताचा. त्याच्या भरवशाच्या माणसाने केलेला १८ रिळांचा, चार तासांचा होता. खरा झगडा सव्वापाच किंवा चार तास विरुद्ध सव्वादोन तास असा आहे. तो 'नऊ विरुद्ध दोन' असा मांडला की दोन्ही बाजूंचं फावतं. एका बाजूला शोकांतिका मोठी करता येते, दुसरीला दिग्दर्शकाचा वेडेपणा.

आता स्टुडिओची बाजू तिच्या पूर्ण जोरानिशी मांडू. स्ट्रोहाइमला ज्या गोल्डविन कंपनीने हे काम दिलं ती एप्रिल १९२४ मध्ये मेट्रो आणि लुई बी. मेयर यांच्या कंपन्यांत विलीन झाली. नव्या मालकांनी हा चित्रपट मागितला नव्हता, तो त्यांच्या गळ्यात पडला. थॉलबर्गने याच दिग्दर्शकाला युनिव्हर्सलमध्ये असताना १९२२ साली 'मेरी-गो-राउंड'च्या चित्रीकरणातून काढून टाकलेलं होतं, तेव्हा त्याची कार्यपद्धती तो पुरती ओळखून होता. चित्रीकरण १९८ दिवस चाललं. निर्मितीचा खर्च साडेपाच लाख डॉलरच्या घरात गेला. अमेरिकेतल्या चित्रपटगृहाचं गणित एका दिवसात किती खेळ होतात यावर चाले; पाच तासांच्या चित्रपटाला संध्याकाळचा एकच खेळ मिळाला असता, वादकांचा ताफा तेवढा वेळ बसवून ठेवावा लागला असता आणि तिकीट त्या मानाने वाढवता आलं नसतं. जर्मनीत फ्रिट्झ लांगचे चित्रपट दोन भागांत लागत होते, हे खरं. पण तिथली वितरणाची घडी निराळी होती, आणि दंतकथेतल्या वीरासाठी दोनदा तिकीट काढणारा प्रेक्षक 'ग्रीड'मधल्या दंतवैद्याच्या अधोगतीसाठी काढेल याची हमी कुणी द्यावी? शिवाय दहा रिळांचा सुटसुटीत चित्रपटही चालला नाही. स्टुडिओच्या नोंदींप्रमाणे जगभरातून मिळकत झाली ती २,७४,८२७ डॉलर, म्हणजे निर्मितीखर्चाच्या निम्मी. लांब आवृत्तीने ती भरून काढली असती असं म्हणायला आधार काय?

स्ट्रोहाइमच्या स्वभावाबद्दलही मोकळेपणाने बोलावं. व्हिएन्नातल्या ज्यू टोपीवाल्याचा हा मुलगा १९०९ मध्ये अमेरिकेत उतरला आणि स्वतःला ऑस्ट्रियन सरदार घराण्यातला लष्करी अधिकारी म्हणवू लागला. आपल्या चित्रपटांविषयीही त्याने आयुष्यभर कथा रचल्या. फ्रँक नॉरिसची १८९९ सालची 'मॅकटीग' ही कादंबरी त्याने पानोपान पडद्यावर आणली, ही लोकप्रिय समजूतही निखालस चुकीची आहे. कादंबरी उघडते तेव्हा दंतवैद्य मॅकटीग सॅन फ्रान्सिस्कोच्या पोल्क स्ट्रीटवर दवाखाना थाटून बसलेला आहे. त्याचं खाणीतलं पूर्वायुष्य नॉरिस थोडक्यात उरकतो. स्ट्रोहाइमने ते विस्ताराने रचलं, कथेचा काळ पुढे सरकवून १९०८ पासून सुरू केला. म्हणजे तो काही कादंबरीचा मुका नोकर नव्हता. तो मूळ पुस्तकात भर घालत होता, आणि जो भर घालतो त्याला काट मारायलाही सांगता येतं. १९२४ च्या उन्हाळ्यात थॉलबर्गच्या खुर्चीत बसलेल्या कुठल्याही जबाबदार माणसाने कापाकापीचा आदेश दिला असता, हे मी मान्य करतो.

कापाकापी वाईट झाली, हा आरोप वेगळा आहे. तो मला खरा वाटतो. स्ट्रोहाइमची रचना तीन जोडप्यांवर उभी होती. मॅकटीग आणि ट्रिना यांना पाच हजार डॉलरची सोडत लागते आणि तिथून त्यांचा ऱ्हास सुरू होतो. भंगारवाला झर्को आणि मोलकरीण मारिया हे त्यांच्यापेक्षा खालच्या पायरीवरचं जोडपं; सोन्याच्या ताटवाट्यांच्या तिच्या कहाणीने तो वेडा होतो आणि अखेर तिचा जीव घेतो. तिसरं जोडपं म्हाताऱ्या ग्रॅनिसचं आणि मिस बेकरचं: शेजारच्या खोल्यांत, मधल्या पातळ भिंतीला टेकून रोज संध्याकाळी एकमेकांची चाहूल घेत बसणारे दोन संकोची जीव. पैसा ग्रॅनिसच्याही हाती येतो, पण त्याला नासवत नाही. फार्नमने दुसरं जोडपं जवळपास पूर्ण काढलं आणि तिसऱ्याचे एकदोन ठिपके उरू दिले. व्यापाऱ्याच्या नजरेने हेच सोपं होतं: उपकथानक काढलं तर मुख्य धागा तुटत नाही, मधली फट पाटीने सांधता येते. परिणाम काय झाला? तेव्हाच्या अनेक समीक्षकांनी चित्रपट सलग काळवंडलेला, किळसवाणा, उसंत न देणारा आहे अशी तक्रार केली. ती उसंत दिग्दर्शकाने दिली होती, आणि नेमकी तीच छाटली गेली होती. ट्रिनाचा कंजूषपणा अचानक उसळल्यासारखा वाटतो, कारण तो हळूहळू वाढत जातो ती दृश्यं गेली आणि त्यांच्या जागी काही वर्षं ओलांडणारी एखादी पाटी आली.

तरीही ही चूक दुरुस्त होण्याजोगी होती, आणि लोक नेमकं हेच विसरतात. १९२४ मध्ये संकलन कसं चालायचं ते बघा. प्रयोगशाळेतून निगेटिव्हवरून एक पॉझिटिव्ह प्रत निघे. संकलक ती प्रत हातात धरून, उजेडासमोर चौकटी बघत, कात्रीने कापे आणि फिल्म सिमेंटने सांधे. संकलनासाठीचं मूव्हिओला यंत्र त्याच वर्षी बाजारात येत होतं. ही सगळी झटापट कामाच्या प्रतीवर चाले. निगेटिव्हला हात लागे तो शेवटी, प्रतीचं संकलन कायम झाल्यावर, तिच्याबरहुकूम जोडण्यासाठी. तेव्हाही वगळलेल्या दृश्यांचं निगेटिव्ह नाहीसं होत नाही. ते वेगळ्या गुंडाळीत, वेगळ्या डब्यात पडून राहतं. म्हणजे फार्नमने कितीही निर्दयपणे छाटलं तरी त्या कामामुळे एक फूटही जगातून नष्ट होत नव्हता. नष्ट होण्यासाठी कुणीतरी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खात्यातून, ते डबे बाहेर काढायला सांगावं लागलं. हा स्वतंत्र निर्णय होता. थॉलबर्गच्या बचावाची सारी भिस्त पहिल्या निर्णयावर आहे. दुसऱ्या निर्णयाबद्दल त्याचे वकील काहीच बोलत नाहीत.

बोलायचं तर त्यांच्याकडे तीन मुद्दे आहेत, आणि ते ऐकायला हवेत. पहिला: सेल्युलोज नायट्रेटची फिल्म म्हणजे जोखीम. जुनी होऊन कुजू लागली की ती उन्हाळ्यातल्या तापमानालाही आपोआप पेटू शकते, जळताना लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो, त्यामुळे पाण्याने विझत नाही. तिच्यासाठी वेगळी कोठारं लागतात, विमा लागतो. दुसरा: कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते, टाकाऊ फिल्म देऊन चांदी काढून घेणं हा स्टुडिओंचा नेहमीचा व्यवहार होता. तिसरा, सगळ्यांत वजनदार: चित्रपट जपायचा असतो ही कल्पनाच तेव्हा नव्हती. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचा चित्रपट विभाग १९३५ सालचा, पॅरिसचा सिनेमातेक फ्रान्सेझ १९३६ सालचा. १९२४ मधल्या माणसांना १९३६ च्या मापाने मोजायचं का?

पहिला मुद्दा तंतोतंत खरा आहे आणि तरी इथे लागू पडत नाही. मेट्रो-गोल्डविन-मेयरकडे नायट्रेटची कोठारं होतीच. इतर स्टुडिओंच्या मानाने या कंपनीने आपले मूकपट बरे सांभाळले, हे तिच्या पदरात घालायलाच हवं. युनिव्हर्सलने १९४८ मध्ये आपल्या उरल्यासुरल्या मूकपटांची निगेटिव्हं मुद्दाम नष्ट केली, तसलं काम हिने केलं नाही. म्हणजे जागा होती, शिस्त होती, आगीची धास्ती असूनही फिल्म ठेवण्याची तयारी होती. ती तयारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटापुरती होती. दहा रिळं ही मालमत्ता होती. त्यातून वगळलेली चौदा रिळं हा केर होता. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर यातच आहे. सोन्याच्या हव्यासावरचा चित्रपट चांदीच्या हव्यासापायी गेला, असं वाक्य या विषयावर हमखास लिहिलं जातं. मला ते दिशाभूल करणारं वाटतं. ज्या फुटेजवर लाखो डॉलर खर्च झाले त्यातून निघणारी चांदी त्या खर्चाच्या शेजारी मांडण्याच्या लायकीचीही नव्हती. यात हव्यास कुणालाच नव्हता. रोजच्या साफसफाईचा भाग म्हणून हे घडलं, आणि म्हणूनच ते अधिक भयंकर आहे: हव्यासी माणूस वस्तूची किंमत तरी करतो.

तिसऱ्या मुद्द्याला इतिहासच उत्तर देतो. बोलेस्लाव मातुशेव्स्की नावाच्या पोलिश छायाचित्रकाराने १८९८ मध्येच पॅरिसमध्ये पुस्तिका छापून चित्रफितींचं सार्वजनिक भांडार उभारावं अशी मागणी केली होती. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १८९४ पासूनच्या चित्रपटांच्या कागदी प्रती साठत गेल्या. हेतू फक्त स्वामित्वहक्काच्या नोंदीचा होता, पण ठेवल्या म्हणून टिकल्या. कल्पना हवेत होती. ती बाजूला ठेवली तरी निव्वळ धंद्याचा पुरावा पुरेसा आहे. १९२८ मध्ये कार्ल ड्रायरच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'चं मूळ निगेटिव्ह बर्लिनमधल्या आगीत गेलं. ड्रायरने काय केलं? न वापरलेल्या टेकमधून तोच चित्रपट दृश्यागणिक पुन्हा जोडला. 'ग्रीड'नंतर चारच वर्षांनी एका दिग्दर्शकाने छाटलेल्या तुकड्यांतून अख्खा चित्रपट परत उभा केला, तोही निर्मात्याचं नुकसान टाळण्यासाठी! वगळलेली फिल्म म्हणजे विम्याची पॉलिसी आहे, हे कळायला अभिलेखागार लागत नाही. आणि 'तेव्हा कुणाला ठाऊक होतं' ही सबब १९४२ मध्ये तरी नक्कीच संपलेली होती. तरीही आरकेओ स्टुडिओने ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधून चाळीसएक मिनिटं काढली आणि त्यांचं निगेटिव्हही नष्ट केलं. अज्ञान हे कारण असतं तर अठरा वर्षांनी तीच गोष्ट घडली नसती.

मग 'मेट्रोपोलिस'सारखी आशा का बाळगू नये? १९२७ सालच्या त्या जर्मन चित्रपटाचा हरवलेला भाग २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या संग्रहालयात सापडला आणि सुमारे २५ मिनिटं परत मिळाली. अशी बातमी आली की 'ग्रीड'चं लांब रूपही कुठेतरी तळघरात असेल अशी कुजबुज सुरू होते. दोन्हींतला फरक साधा आहे. 'मेट्रोपोलिस'ची लांब आवृत्ती बर्लिनमध्ये प्रदर्शित झाली होती आणि तिची प्रत वितरकाने अर्जेंटिनाला नेली होती. चित्रपट टिकतो तो प्रतींच्या संख्येवर आणि त्या किती दूर पांगल्या यावर. 'ग्रीड'ची २४ रिळं वितरणात कधी गेलीच नाहीत. जे स्टुडिओच्या आवारातच राहिलं ते स्टुडिओच्या एका हुकमाने गेलं.

काय गेलं हे नीट कळायचं तर काय उरलं ते जवळून बघावं. लग्नाचं दृश्य घ्या. स्ट्रोहाइमने स्टुडिओत भिंती उभारायला नकार दिला होता. सॅन फ्रान्सिस्कोत हेज आणि लगूना रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या खऱ्या इमारतीत खोल्या सजवून तिथेच चित्रण केलं. कॅमेऱ्यावर बेन रेनॉल्ड्स आणि विल्यम डॅनियल्स. खोलीत दिवे लावायचे आणि खिडकीबाहेरचा रस्ताही उन्हात स्वच्छ दिसायला हवा, हे त्या काळच्या फिल्मला आणि भिंगांना जड जाणारं काम होतं: आतला उजेड कमी पडला तर माणसं काळ्या आकृत्या होतात, बाहेरचा जास्त झाला तर खिडकी पांढरी फटक पडते. दोन्ही उजेडांचा मेळ घालून, भिंगाचं छिद्र बारीक ठेवून त्यांनी जवळचं आणि लांबचं एकाच वेळी रेखीव आणलं. पुढे भटजीने मंत्र म्हणावेत तसा पाद्री विधी उरकतो आहे, नवरानवरी अवघडून उभी आहेत, आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून खालच्या रस्त्यावर प्रेतयात्रा संथपणे निघून जाते. जवळचं चित्र नाही, पाटी नाही, कुणी वळून बघत नाही. डोळा आपोआप जाईल तेव्हा जातो. ऑर्सन वेल्सच्या चित्रपटांमुळे खोल दृश्यरचनेची चर्चा सुरू झाली त्याच्या सतरा-अठरा वर्षं आधीचं हे काम आहे.

झासू पिट्सचंही तसंच. विनोदी कामांसाठी ओळखली जाणारी ही नटी ट्रिनासाठी निवडली, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं. नाण्यांना पॉलिश करताना तिची बोटं कशी चालतात ते बघा: आधी गृहिणीच्या सवयीने, मग लाडाने, आणि अखेर अंथरुणात नाणी पसरून त्यांत अंग टाकताना वासनेने. एका माणसाच्या हातांत एवढा प्रवास दाखवायला वेळ लागतो, आणि शिल्लक रिळांत त्या प्रवासाचे तीनच थांबे उरले आहेत. शेवट खऱ्या डेथ व्हॅलीत चित्रित झाला, १९२३ च्या ऐन उन्हाळ्यात. पारा ५० अंश सेल्सियसच्या आसपास. कॅमेरे तापू नयेत म्हणून ओले टॉवेल गुंडाळायचे. माणसं आजारी पडून परत पाठवावी लागली. मॅकटीगचा मित्र आणि पुढे वैरी मार्कस झालेल्या जाँ हर्शोल्टला नंतर रुग्णालय गाठावं लागलं. मॅकटीग झालेला गिब्सन गोलंड आणि हर्शोल्ट एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरचे फोड रंगभूषेचे वाटत नाहीत. कलाकारांना असं भाजून काढणं योग्य होतं का? नव्हतं, असंच मी म्हणेन. पण ज्या माणसांनी ते सोसलं त्यांच्या कष्टाचं फळ केराच्या डब्यात टाकणाऱ्याला स्ट्रोहाइमच्या क्रूरतेकडे बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही. भंगारवाल्या झर्कोच्या भूमिकेत चेझारे ग्राविनाने आणि मारियाच्या भूमिकेत डेल फुलरने जे केलं ते जवळपास सगळंच गेलं. दिग्दर्शकाच्या नावाने उमाळे काढणाऱ्या लेखांत या दोघांचं नाव क्वचित येतं.

म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेचा तोडगा मला पटत नाही. रिक श्मिडलिनने १९९९ मध्ये टर्नर क्लासिक मूव्हीज या वाहिनीसाठी २३९ मिनिटांची पुनर्रचना केली. तिचा आधार ३१ मार्च १९२३ ही तारीख असलेली स्ट्रोहाइमची पटकथा आणि साडेसहाशेहून अधिक स्थिरचित्रं. जिथे फुटेज नाही तिथे स्थिरचित्र येतं, कॅमेरा त्यावरून हळू सरकतो, आणि प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी कळतं की इथे काहीतरी नाही. ही स्थिरचित्रं का राहिली, याचाही विचार व्हावा: प्रसिद्धी विभागाला ती लागत, म्हणून ती फायलीला लागली. छाटलेली फिल्म कुठल्याच विभागाच्या कामाची नव्हती. 'ग्रीड'चं कथानक हरवलेलं नाही. कादंबरी आहे, पटकथा आहे, फोटो आहेत. हरवलं आहे ते ग्राविनाने विशिष्ट दुपारी, विशिष्ट उजेडात केलेलं काम. यंत्र त्या जागी हलणारं चित्र भरेल, पण ते पुरावा नसेल. आणि भोक बुजवलेलं दिसलं की भोक कुणी पाडलं हे विचारणंही थांबेल. श्मिडलिनची पुनर्रचना कुणाला कंटाळवाणी वाटू शकते. ती खोटं बोलत नाही, आणि माझ्या लेखी तिचं मोठेपण त्यात आहे.

हा अमेरिकेचाच प्रश्न आहे असं आपण मराठी माणसांनी मानू नये. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये, 'ग्रीड'नंतर वर्षभरातच, कोल्हापुरात 'सावकारी पाश' काढला: कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची कथा, नायकाच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. पैशाने माणसाचं काय होतं हेच तिथेही विचारलं होतं. त्या मूकपटाची प्रत आज नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी दोन हाती लागली, आणि तीही १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची यावर अभ्यासकांत एकमत नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले, तोवर भारतीय मूकपटांतले बहुसंख्य संपलेले होते. अमेरिकेचा हिशेबही काही भूषणावह नाही: लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळात तिथे प्रदर्शित झालेल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ रूपात, ३५ मिमीवर १४ टक्केच उरले आहेत. आपल्याकडे कात्रीवाला खलनायकही नव्हता. भट्टी, ओल, भंगारवाला आणि बेफिकिरी एवढ्यावरच भागलं. खलनायक शोधण्यात रमलेल्या वादाला ही हानी दिसतच नाही.

'पण मालकी त्यांची होती' हे अखेरचं म्हणणं उरतं. कायद्याने होती, यात शंका नाही. आणि तीच मालकी आजही तशीच वापरली जाते: वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने २०२२ मध्ये जवळपास पूर्ण झालेला 'बॅटगर्ल' करसवलतीच्या हिशेबात कायमचा बासनात बांधला. तो चित्रपट चांगला होता की टाकाऊ, हे कुणी ठरवायचं, आणि न बघता कसं ठरवायचं? न दाखवण्याचा हक्क मालकाला असू द्या. पुढच्या पिढीला निर्णयच घेता येऊ नये अशी व्यवस्था करण्याचा हक्क त्यात बसत नाही, आणि तो बसवायचा नसेल तर करारातच लिहावं लागेल. आज निगेटिव्हऐवजी हार्ड डिस्क आहे. एका चित्रपटाचं मूळ चित्रण काही मोजक्या डिस्कवर असतं, आणि पुढच्या कामासाठी त्या मोकळ्या करून घेणं भट्टी पेटवण्याहून फार सोपं आहे. म्हणून दिग्दर्शक, छायालेखक आणि नटांच्या करारात साधं कलम हवं: प्रदर्शनानंतर संपूर्ण मूळ चित्रण, वगळलेल्या दृश्यांसह, एलटीओ टेपवर (दीर्घकाळ डेटा साठवायच्या चुंबकीय फितीवर) उतरवायचं, तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या शहरात, दर काही वर्षांनी टेपच्या नव्या पिढीवर नक्कल, आणि निर्मात्याला ती ठेवायची नसेल तर पुसण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला लेखी देऊ करायची. याचा खर्च निर्मात्याच्या अंदाजपत्रकात प्रसिद्धीच्या खर्चाशेजारी, वेगळ्या ओळीत, पहिल्या दिवसापासून मांडलेला असावा.